खोटं बोललास तर बघ! – या धाकाने मूल खरं बोलतं का?

दिवेलागणीची वेळ आहे. कुणी चुलीपुढे असेल, कुणी गॅसपाशी, कुणी शेतातून आत्ताच येऊन पाय धुतले असतील. आणि बऱ्याच घरांत पोरं टीव्हीसमोर बसलेली असतील. आज त्याच टीव्हीबद्दल बोलायचं आहे. टीव्ही बंद करा, डोळे बिघडतील, हे सांगायला मी आलेली नाही. ते तुम्ही रोज सांगताच आणि मुलं ऐकत नाहीत, हे मला माहीत आहे. माझीही ऐकत नाहीत.

गटाच्या बैठकांना मी गावोगाव जाते. बचत, हप्ते, कर्जाचे अर्ज हे सगळं झालं की चहा होतो आणि मग खऱ्या गोष्टी निघतात. मागे एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "ताई, नातू लई खोटं बोलायला लागलाय. टीव्हीवर असं काही चांगलं लागतं का, की जे बघून पोरगं खरं बोलायला शिकेल?" त्यावर दुसरी म्हणाली, "अवो, टीव्ही बघूनच तर खोटं बोलायला शिकलाय!"

दोघींचंही मला पटलं. पण दोघींनी एक गोष्ट धरून चालली होती, की पडद्यावर जे दाखवलं तेच मूल उचलतं. चांगलं दाखवलं तर चांगलं, वाईट दाखवलं तर वाईट. मलाही आधी तसंच वाटायचं. मग माझ्याच घरात एक प्रकार घडला. तो आधी सांगते.

पन्नास रुपयांची गोष्ट

मी गटांची समन्वयक आहे, तशीच आमच्या आळीतल्या गटाची सभासदही आहे. आम्ही बाराजणी, महिन्याला शंभर रुपये बचत. गेल्या वर्षी आमची कोषाध्यक्ष बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून त्या महिन्याचे पैसे एका रात्रीपुरते माझ्याकडे राहिले. सकाळी बँकेत जायच्या आधी मोजले तर अकराशे पन्नास भरले. पन्नास कमी.

आदल्या दिवशी एक सभासद सगळ्यात शेवटी आली होती. घाईत होती. चुरगळलेल्या नोटा तिने माझ्या हातात कोंबल्या आणि गेली. मी तिच्यासमोर मोजल्या नाहीत, ही माझी चूक. मला वाटलं, तिचेच पन्नास कमी आले. तरी आधी घरात विचारलं. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. त्याला समोर उभा केला आणि म्हणाले, "पैशाच्या डब्याला हात लावलास का? खरं सांग. खोटं बोललास तर बघ!" त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही."

मग मी त्या बाईच्या दारात गेले. तिची सासू ओसरीवर बसलेली. तिच्यासमोरच विचारलं, "काल तुमचे पन्नास कमी आले का हो?" ती काही बोलली नाही. आत गेली, पन्नासची नोट आणली, माझ्या हातावर ठेवली. मी पैसे बँकेत भरले आणि विषय संपला असं समजले.

चार दिवसांनी मुलाच्या दप्तरात नवाकोरा टेनिसचा चेंडू निघाला.

मैत्रिणींनो, मला राग आला, त्याहून जास्त वाटलं ते वेगळंच. ज्या दिवशी पैसे गेले त्याच संध्याकाळी तो एक कार्टून बघत होता. त्यात एका मुलाने खोटं बोलून सगळ्यांना फसवलं, शेवटी त्याची फजिती झाली आणि सगळे त्याला हसले. मी भाकऱ्या करता करता विचारलं होतं, "काय शिकलास रे?" तो लगेच म्हणाला होता, "खोटं बोलायचं नसतं." मला किती बरं वाटलं होतं! आणि दुसऱ्याच सकाळी तो माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलला. शिकवण त्याला पाठ होती, पण ती वेळेला उपयोगी पडली नाही. असं का झालं असेल? तेव्हापासून मी या विषयावरचं मिळेल ते वाचलं. त्यातलं जे समजलं ते आज सांगते. त्या बाईचं पुढे काय झालं, तेही शेवटी सांगते.

शक्तिमानपासून नोबितापर्यंत

माझ्या वयाच्या बायकांना शक्तिमान आठवत असेल. दूरदर्शनवर 1997 साली ही मालिका सुरू झाली. रविवारी दुपारी वाडीतली सगळी पोरं ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरात. कुणी गच्चीवर अँटेना फिरवतंय, कुणी खालून ओरडतंय, "आलं, आलं!" मुकेश खन्ना शक्तिमान व्हायचे. मालिकेच्या शेवटी एक छोटा भाग असायचा, 'छोटी छोटी मगर मोटी बातें'. त्यात एखादं मूल काही चुकीचं वागलेलं असायचं. शक्तिमान येऊन त्याला समजावायचा. मग ते मूल म्हणायचं, "सॉरी शक्तिमान." आम्ही खेळतानाही हे म्हणायचो. कुणी कुणाची गोटी ढापली की कान धरून "सॉरी शक्तिमान".

त्याच शक्तिमानची दुसरी बाजूही आहे. संकटात पडलो की शक्तिमान वाचवायला येईल, असं समजून मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. असं काही करू नका, हे खुद्द मुकेश खन्नांना मुलांना सांगावं लागलं होतं. म्हणजे बघा, मालिका काढणाऱ्याला एक सांगायचं असतं आणि मूल त्यातून भलतंच उचलू शकतं.

आता आपली मुलं छोटा भीम बघतात. हैदराबादला तयार झालेलं हे कार्टून 2008 पासून चालू आहे. ढोलकपूरचा भीम सरळ, आणि कालिया लबाडी करणारा. सोबत ढोलू-भोलू. कालिया डाव रचतो आणि बहुतेक वेळा तोंडावर पडतो. मुलं डोरेमॉन बघतात, ते जपानचं. त्यातला नोबिता परीक्षेत शून्य मिळालं की पेपर आईपासून लपवतो. मग डोरेमॉनकडून एखादं यंत्र मागून घेतो आणि शेवटी ते त्याच्याच अंगाशी येतं. दोन्हींत शेवट काय? लबाडी केली की फजिती होते. आपण म्हणतो, वा, चांगली शिकवण आहे.

पण एक विचार करा. नोबिता पेपर का लपवतो? आई ओरडेल म्हणून. आपलं पोर ते बघताना कुणाच्या बाजूचं असतं? आईच्या की नोबिताच्या? नोबिताच्याच. कारण तीच भीती त्याच्याही पोटात असते. मग 'खोटं बोलू नये' याच्या आधी त्याच्या मनात येतं, की 'याने पेपर जरा नीट लपवायला हवा होता'.

लांडगा, लाकडी बाहुला आणि कापलेलं झाड

हे नुसतं माझं म्हणणं नाही. कॅनडात कांग ली नावाचे एक मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मुलं खोटं कधी बोलतात आणि का बोलतात, याचाच त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. तो गोष्टींवरचा आहे, पण कार्टून म्हणजे हलत्या चित्रांतली गोष्टच.

त्यांनी तीन ते सात वर्षांची 268 मुलं घेतली. एकेका मुलाबरोबर खेळ खेळायचा. पाठीमागे खेळणं ठेवायचं, त्याचा आवाज ऐकायचा आणि ते काय आहे ते ओळखायचं. मध्येच बाई म्हणायच्या, "मी एक मिनिटात येते. तोवर मागे वळून बघायचं नाही." बाई बाहेर गेल्या की बरीच मुलं वळून बघायची. मुलंच ती! बाई परत यायच्या, एक गोष्ट वाचून दाखवायच्या आणि मग विचारायच्या, "तू मागे वळून बघितलंस का?"

गोष्टी वेगवेगळ्या होत्या. काही मुलांना 'लांडगा आला रे आला' सांगितली. ती आपल्याला माहीत आहे. खोटं ओरडणाऱ्या पोराची शेवटी वाट लागते. काहींना पिनोकिओची सांगितली. हा इटलीतल्या गोष्टीतला लाकडी बाहुला, खोटं बोलला की त्याचं नाक लांब होतं. काहींना सांगितली अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या लहानपणाची गोष्ट. या मुलाला नवी कुऱ्हाड मिळते. तो वडिलांचं आवडतं चेरीचं झाड तोडतो. वडील विचारतात तेव्हा तो खरं सांगून टाकतो. वडील झाडाचं दुःख विसरतात आणि म्हणतात, तू खरं बोललास याचा मला आनंद आहे. आणि काही मुलांना सांगितली सशा-कासवाची गोष्ट, जिचा खरं-खोटं बोलण्याशी काही संबंध नाही. ती तुलनेसाठी.

काय झालं असेल? मला वाटलं होतं, लांडग्याची गोष्ट ऐकून मुलं घाबरतील आणि खरं बोलतील. तसं झालं नाही. लांडग्याची किंवा लाकडी बाहुल्याची गोष्ट ऐकलेली मुलं, आणि नुसती सशा-कासवाची ऐकलेली मुलं, यांच्या खोटं बोलण्यात काही फरक पडला नाही. फरक पडला तो कापलेल्या झाडाच्या गोष्टीने. ती ऐकलेल्या मुलांपैकी खरं कबूल करणारी मुलं स्पष्टपणे जास्त होती.

मग अभ्यासकांनी तीच झाडाची गोष्ट उलटी केली. आता मुलगा खोटं बोलतो आणि त्याचं त्याला वाईट फळ मिळतं. तेच झाड, तीच कुऱ्हाड. पण आता गोष्टीचा परिणाम होईना.

यातून कळतं ते असं. खोटं बोललं तर काय होतं, हे मुलाला आधीच माहीत असतं. त्या धाकानेच तर ते खोटं बोलतं. त्याला माहीत नसतं ते दुसरंच. खरं सांगितलं तर काय होईल? आई कशी बघेल? बाबा काय करतील? हे ज्या गोष्टीत दिसलं, तिचाच उपयोग झाला.

गंमत म्हणजे ती झाडाची गोष्टही खरी घडलेली नाही, असं मानतात. वीम्स नावाच्या लेखकाने वॉशिंग्टन यांच्या चरित्रात ती 1806 च्या आवृत्तीत घातली. खरं बोलायला शिकवणारी गोष्टच रचलेली!

आपल्याकडे मात्र अशीच एक गोष्ट आहे, आणि ती ज्याच्यावर घडली त्यानेच लिहून ठेवली आहे. महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात ती आहे. ते पंधरा वर्षांचे होते. भावावर पंचवीस रुपयांच्या आसपास कर्ज झालं होतं. ते फेडायला गांधींनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा काढून विकला. पण मन खाऊ लागलं. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून चिठ्ठी लिहिली. सगळं कबूल केलं, शिक्षा मागितली आणि चिठ्ठी आजारी वडिलांच्या हातात दिली. वडील उठून बसले, वाचू लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, कागद भिजला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडली आणि परत आडवे झाले. एक शब्द बोलले नाहीत, हात उगारला नाही. गांधी लिहितात, हा आपल्यासाठी अहिंसेचा धडा होता. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. टीव्ही नसला तरी चालेल.

एक सावधगिरी मात्र घ्या. प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. खरं बोलला म्हणून देवाने त्याला सोन्याची आणि चांदीचीही कुऱ्हाड दिली. छान गोष्ट आहे. पण हुशार पोर दुसऱ्या दिवशी विचारतं, "मी खरं बोललो, मला काय देणार?" झाडाच्या गोष्टीत बापाने काही बक्षीस दिलं नव्हतं, नुसता आनंद दाखवला होता. मुलाला तेवढं पुरतं.

वीस मिनिटं भांडण, एक मिनिट शिकवण

आता टीव्हीकडे परत येऊ. कार्टूनमध्ये एक अडचण असते. गोष्ट रंगायला भांडण लागतं, फसवाफसवी लागते. म्हणून बराच वेळ लबाडीच दाखवतात आणि शिकवण येते अगदी शेवटी. आपण मोठी माणसं शेवट धरून सगळ्याचा अर्थ लावतो. लहान मुलाला ते जमत नाही. त्याच्या डोक्यात राहतं ते जास्त वेळ बघितलेलं.

अमेरिकेत 2008 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'क्लिफर्ड' नावाच्या मोठ्या लाल कुत्र्याचं कार्टून आहे. त्याच्या एका भागात तीन पायांचा एक कुत्रा येतो. बाकीचे कुत्रे त्याला घाबरतात, लांब राहतात. शेवटी सगळ्यांना कळतं की घाबरायचं कारण नव्हतं, तो आपल्यासारखाच आहे. सांगायचं काय होतं? की अपंग माणसाला दूर लोटू नका. बालवाडीच्या वयाच्या मुलांना हा भाग दाखवला आणि काय शिकलात ते विचारलं. बऱ्याच मुलांनी शिकवण कुत्र्यापुरतीच घेतली, तीन पायांच्या कुत्र्याशी नीट वागावं इतकीच. माणसापर्यंत ती पोचलीच नाही.

आपली पाच-सहा वर्षांची मुलं यांच्यासारखीच. कालियाने लाडू चोरले आणि त्याची फजिती झाली, हे ढोलकपूरचं झालं. आपल्या घरच्या डब्यातले पन्नास रुपये ही वेगळी गोष्ट. या दोन्हींची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते. ती टीव्ही घालून देत नाही.

मग कोण घालून देणार? याचंही उत्तर एका अभ्यासात सापडलं. अमेरिकेत 'डॅनियल टायगर' नावाचं लहान मुलांचं एक चांगलं कार्टून आहे. वाघाचं पिल्लू, त्याचे आई-बाबा, राग आला तर काय करायचं, दुसऱ्याला वाईट वाटलं तर काय करायचं, असं सगळं त्यात असतं. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना ते दोन आठवडे दाखवलं. 2016 साली निष्कर्ष आले. दुसऱ्याचं मन ओळखणं, त्याचं दुःख समजणं यात काही मुलं पुढे गेली. पण कोणती? ज्यांच्या घरी आई-वडील टीव्हीवर काय बघितलं याबद्दल मुलांशी नेहमी बोलत होते ती. ज्यांच्या घरी बोलणंच नव्हतं, त्यांना तेच कार्टून बघून तसा फायदा झाला नाही.

म्हणून मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आता मी असं देते. अमुक एक कार्टून लावलं की पोरगं खरं बोलेल, असं कोणतंही कार्टून नाही. पण जवळजवळ कोणत्याही कार्टूनवर तुम्ही मुलाशी दोन शब्द बोललात, तर त्याचा उपयोग होतो.

हाताला काम असताना बोलायचं कसं?

तुम्ही म्हणाल, ताई, पोराशेजारी टीव्ही बघत बसायला वेळ कुणाला आहे? बरोबर आहे. पण बसायची गरज नाही. भाजी निवडता निवडता, शेंगा सोलता सोलता, एक कान टीव्हीकडे ठेवायचा आणि मध्ये एखादा प्रश्न टाकायचा. 'काय शिकलास?' हा प्रश्न मात्र सोडून द्या. त्याला पाठ केलेलं उत्तर मिळतं, मला मिळालं तसं. त्यापेक्षा असं विचारा:

नोबिताने पेपर लपवला, तेव्हा त्याला कसली भीती वाटत होती?

त्याने आधीच सांगितलं असतं, तर त्याच्या आईने काय केलं असतं? आणि काय करायला हवं होतं?

कालियाने घेतलं म्हणून दुसऱ्याच कुणावर आळ आला असता, तर त्याला कसं वाटलं असतं?

आपल्या घरी असं झालं, तर तुला मला सांगता येईल का?

हा शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही. "नाही, तू मारशील," असं आलं, तर रागावू नका. ते खरं बोललंय. इथूनच सुरुवात आहे.

कार्टून निवडताना एवढंच बघा, की त्यात कुणी खरं कबूल करताना दिसतं का, आणि कबूल केल्यावर मोठी माणसं त्याच्याशी कशी वागतात. मला आता कळतं की शक्तिमानचा तो शेवटचा भाग आम्हाला का आवडायचा. मूल सॉरी म्हणायचं आणि शक्तिमान त्याला मारायचा नाही. तो हसायचा.

पडद्यापेक्षा मोठं कार्टून आपणच

घरात जे चालतं ते टीव्हीपेक्षा जोरात ऐकू जातं. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात दोन शाळांचा अभ्यास झाला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. एका शाळेत मुलांना मारायचे, चिमटे काढायचे. दुसऱ्या शाळेत मारायचे नाहीत, नुसतं रागवायचे. तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर तोच खेळण्याचा खेळ खेळला. मार देणाऱ्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते खोटं त्यांनी जास्त सफाईने निभावलं. म्हणजे माराने खोटं बोलणं थांबलं नाही. खोटं बोलायचा सराव झाला.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, 2014 चा, 186 मुलांचा. मोठ्या माणसाने आधी मुलाला सांगितलं, "शेजारच्या खोलीत गोळ्यांचा वाडगा आहे." मग म्हणाला, "खरं तर नाहीये, तू माझ्याबरोबर खेळायला यावंस म्हणून म्हणालो." ज्या शाळकरी मुलांशी मोठं माणूस असं खोटं बोललं होतं, ती पुढे स्वतःही जास्त खोटं बोलली.

आता आपलं घर आठवा. हप्त्याचा माणूस दारात आला, की आपण पोरालाच पुढे करतो ना? "आई घरी नाही म्हणून सांग." पोर जातं आणि अगदी निरागस तोंडाने सांगून येतं. त्या दिवशी आपण त्याला काय शिकवलं? नड असते, मलाही कळतं. पण मग लांडग्याची गोष्ट सांगून काय उपयोग?

आणि मैत्रिणींनो, हे मुलांपुरतं नाही. गटात बघा. एखादीचा हप्ता चुकला, की ती काय करते? बैठकीलाच येत नाही. आली तर म्हणते, पाहुणे आले होते, पोर आजारी होतं. ती लबाड आहे का? नाही. सगळ्यांसमोर कुणीतरी बोलेल, याची तिला धास्ती असते. ज्या गटात 'या महिन्यात जमत नाही, पुढच्या महिन्यात दोन देते' असं सरळ सांगता येतं, त्या गटाची वसुली चांगली राहते, हे मी माझ्या कामात बघितलं आहे. तिथे हप्ता माफ होत नाही. भरावा लागतोच. फक्त खरं सांगायला जागा असते. घरातही तसंच. चूक भरून द्यायला लावा, पण खरं सांगितल्याबद्दल मारू नका. 'खरं सांग, मारणार नाही' असं म्हणून नंतर मारलंत, तर ते मूल परत तुमच्याशी खरं बोलणार नाही. आणि चोरी कळलेली असताना मुद्दाम 'तू घेतलंस का?' असं विचारू नका. तो सापळा असतो. सरळ म्हणा, "पैसे तू घेतलेस ते मला कळलंय. आता काय करायचं ते बघू."

त्या पन्नास रुपयांचं पुढे

आता माझी गोष्ट पुरी करते. चेंडू सापडला तेव्हा माझा हात वर गेला होता. खोटं का सांगू? पण तो आधीच भिंतीला चिकटून उभा होता, हात डोक्यावर धरून. त्याला तसं बघून माझा हात खाली आला. त्याला जवळ बसवलं आणि त्या काकींच्या दारात मी काय केलं ते सांगितलं. आपल्यामुळे दुसऱ्या कुणाला पैसे भरावे लागले, हे त्याला माहीतच नव्हतं. ते ऐकून तो रडला. चोरी पकडली गेली तेव्हा रडला नव्हता.

संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. पन्नास रुपये परत दिले. तिच्या सासूसमोर आधी मी माफी मागितली, मग त्याने. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवून मला म्हणाली, "पोराचं काय न्हाई वो ताई. पर तुमी सासूम्होरं इचारलं, ते लागलं."

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी परत सांगितलं की चूक माझी होती, पैसे तिने पूर्ण दिले होते. तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे: पैसे देणारीच्या समोर मोजायचे, लगेच वहीत आणि तिच्या पासबुकात लिहायचे, सही घ्यायची. मुलाने खाऊच्या पैशांतून आठवड्याला दहा रुपये असे पाच आठवडे मला फेडले. चेंडू त्याच्याकडेच आहे.

तो आता अगदी खरंच बोलतो, असं मी म्हणणार नाही. पण परवा शाळेत त्याने मित्राची पट्टी मोडली, तेव्हा घरी आल्या आल्या दप्तर न काढता म्हणाला, "आई, एक सांगायचंय. ओरडू नको हं आधी."

मी ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन दिली, त्याच्या खाऊच्या पैशातून.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच करा. मुलाबरोबर, नातवाबरोबर कोणतंही एक कार्टून बघा, कामं करत बघितलंत तरी चालेल. शेवटचा तो प्रश्न विचारा: "असं आपल्या घरी झालं, तर तुला मला सांगता येईल का?" काय उत्तर मिळालं, ते पुढच्या गट बैठकीत चहाच्या वेळी एकमेकींना सांगा. मीही ऐकायला येईन.